हातोडा किती वाजता?

काय विकायचं हे सगळ्यांना माहीत असतं. केवढ्याला विकायचं हेही मनात थोडंफार ठरलेलं असतं. कधी विकायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारतच नाही. कपाट आवरताना जुना कॅमेरा हाताला लागतो. रविवारची दुपार, पोटात वरण-बट्टी, मोबाइल हातात असतोच. चार फोटो, दोन ओळी, सुरुवातीची बोली पाचशे रुपये, मुदत सात दिवस. झालं! आपल्याला वेळ होता म्हणून आपण वस्तू लिलावाला टाकली. पण गिऱ्हाइकाला वेळ आहे का, हे कोण बघणार?

आपला खान्देशी शेतकरी असं कधी करणार नाही. भरताच्या वांग्यांचंच घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. आता बामणोद किंवा आसोद्याच्या शेतकऱ्याला विचारा की वांगी कधी काढायची. चातुर्मासात कितीतरी घरांत वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग घरोघरी, शेतोशेती भरीत पार्ट्यांना ऊत येतो. म्हणजे गिऱ्हाईक कधी जागं होणार, हे पंचांगातच लिहिलेलं. पण हुशार शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. तो दुसराही प्रश्न विचारतो : त्या दिवशी आवक किती?

आवक! बाजारभावाच्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. आवक वाढली, भाव पडला. आवक घटली, भाव चढला. आपण आयटीवाले, बँकवाले, एमबीएवाले त्याला 'डिमांड अँड सप्लाय' म्हणतो आणि ऑनलाइन लिलाव करायला बसलो की नेमके विसरतो.

लेजर पॉइंटर ते बाझी

थोडा इतिहास. सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार नावाच्या अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने 'ऑक्शनवेब' नावाची साइट सुरू केली. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेजर पॉइंटर. किंमत १४ डॉलर ८३ सेंट. बिघडलेली वस्तूही घेणारं कुणीतरी जगात असतं, हा त्या दिवसाचा धडा. याच साइटची पुढे ई-बे झाली.

आपल्याकडे २००० साली अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी बाझी डॉट कॉम सुरू केली. २००४ मध्ये ई-बेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतली. त्या काळात खान्देशातून लिलाव चालवणं म्हणजे कसरतच होती. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, आणि २००५ च्या आसपासच्या भारनियमनात वेळ ठरवायची झाली तर आधी विजेचं वेळापत्रक बघायचं. २०१७ मध्ये ई-बेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ती भारतीय साइट बंद झाली.

मग आता लिलाव संपले का? अजिबात नाही. ते पांगले. जुनी घड्याळं, पोस्टाची तिकिटं, हॉट व्हील्सच्या गाड्या, निवडुंगाची रोपं, फाउंटन पेनं... प्रत्येक वेडाचा एक फेसबुक किंवा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि त्यावर बोली लागते. परदेशात विकायचं असेल तर भारतीय विक्रेत्यांना ई-बेचा रस्ता आजही मोकळा आहे. बँका जप्त केलेले फ्लॅट आणि गाड्या ई-लिलावात काढतात. रेल्वेचं भंगारसुद्धा ई-लिलावातच जातं. हातोडा बदलला, बोली तीच.

टाकायची वेळ म्हणजेच संपायची वेळ

ऑनलाइन लिलावाची खरी मेख इथे आहे, बॉस. भाजीच्या लिलावात सगळे व्यापारी एकाच वेळी ओट्यावर उभे असतात. ऑनलाइन लिलाव सात दिवस चालतो, पण त्यातले साडेसहा दिवस बहुतेक शुकशुकाट असतो. लोक येतात, बघतात, खूण करून ठेवतात आणि निघून जातात. खरा खेळ शेवटच्या काही मिनिटांत.

हे नुसतं निरीक्षण नाही. अॅल्विन रॉथ (यांना पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि अॅक्सेल ऑकनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये ई-बे आणि तेव्हाचे अॅमेझॉनचे लिलाव शेजारी शेजारी ठेवून तपासले. ई-बेवर ठरलेली वेळ झाली की लिलाव बंद. अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप वाढायची. ई-बेवर कॉम्प्युटरच्या साधारण ४० टक्के आणि जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या जवळपास ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत पडली होती. अॅमेझॉनवर हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दार ठरल्या वेळी बंद होणार असेल, तर पब्लिक दारातच ताटकळतं आणि शेवटच्या क्षणी आत उडी मारतं.

आता गणित करा. मुदत ठरावीक असते, तीन किंवा सात दिवस. त्यामुळे बुधवारी दुपारी अडीचला टाकलेला सात दिवसांचा लिलाव पुढच्या बुधवारी दुपारी अडीचलाच संपणार. तुम्ही ज्या क्षणी 'सबमिट' दाबता, त्या क्षणी शेवटची पाच मिनिटं ठरून जातात. बुधवारी अडीचला तुमचं गिऱ्हाईक कुठे असतं? मीटिंगमध्ये. नाहीतर डबा खाऊन डोळ्यांवर आलेली झापड आवरत.

किंमत दुसरा ठरवतो

आणखी एक फंडा. आपल्याला वाटतं, एक तगडं गिऱ्हाईक आलं की काम झालं. तसं नसतं. ई-बेसारख्या साइटवर प्रत्येक जण आपली कमाल बोली गुपचूप टाकून ठेवतो आणि कॉम्प्युटर त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवतो. समजा, एकाची तयारी पाच हजारांची आहे आणि दुसऱ्याची आठशेची. वस्तू पहिल्याला मिळते, पण आठशेच्या जरा वर. पाच हजार त्याच्या खिशातच राहतात. म्हणजे तुमच्या वस्तूची किंमत पहिला माणूस ठरवत नाही, दुसरा ठरवतो. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या बोलीच्या किमतीवर चालणाऱ्या लिलावाचा विचार मांडला. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? लिलाव संपताना एक हौशी माणूस जागा असून भागत नाही. दोन हवेत. वेळ चुकली तर पहिला येतोच, कारण त्याला ती वस्तू हवीच असते. चुकतो तो दुसरा. आणि त्याच्याबरोबर तुमचा भाव जातो.

रविवारच्या रात्रीचा घोळ

मग सोपं आहे की! सगळे कधी मोकळे असतात? रविवारी रात्री. लिलाव रविवारी रात्री नऊला संपवायचा. ऑनलाइन विक्रीवरचा कुठलाही जुना सल्ला काढा, हेच सांगतो. घोळ असा की हे सगळ्यांनीच वाचलेलं आहे.

उरी सायमनसन यांनी २०१० मध्ये ई-बेच्या लिलावांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोली लावणाऱ्यांची गर्दी कधी असते आणि विकणारे आपला लिलाव कधी संपवतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. निष्कर्ष गमतीचा होता. गर्दीच्या वेळी प्रमाणाबाहेर लिलाव संपत होते. त्यामुळे त्याच वेळी वस्तू विकली जाण्याचं प्रमाण कमी होतं आणि भावही कमी. त्याहून गंमत म्हणजे, जे विक्रेते विचार करून वेळ निवडतात तेच या गर्दीत जास्त सापडत होते! कारण ते गिऱ्हाईक मोजत होते, शेजारचं दुकान मोजत नव्हते.

म्हणजे पुन्हा आलो आवकेवर. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी अख्ख्या तालुक्याने वांगी आणली, तर मागणी कितीही असो, टोपल्याच जास्त होणार. बाजारात माणसं किती, हा अर्धा प्रश्न. माणशी टोपल्या किती, हा पूर्ण प्रश्न.

धुळ्याचं घड्याळ

माझी एक मैत्रीण धुळ्याची. तिचे वडील शिक्षक होते आणि एचएमटी घड्याळांचे भक्त. रोज सकाळी चावी देणं हा त्यांचा संध्येसारखा नेम. ते गेल्यावर घरात तीन घड्याळं राहिली. आईने एक ठेवून घेतलं आणि म्हणाली, बाकीची कुणा हौशी माणसाकडे जाऊ देत, इथे बंद पडून राहण्यापेक्षा बरं.

एचएमटीचं घड्याळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूला कारखाना सुरू झाला. पुढची काही दशकं दहावी पास झालेला मुलगा, नोकरीला लागलेला भाऊ, लग्नातला नवरदेव, सगळ्यांच्या मनगटावर तेच. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. नवी निघणं थांबलं आणि जुन्यांवर हौशी लोकांचा डोळा पडला.

मैत्रिणीने पहिलं घड्याळ हौशी मंडळींच्या एका ग्रुपवर टाकलं. बुधवारी, ऑफिसच्या लंच टाइममध्ये, दुपारी अडीचला. ग्रुपचा नियम : तीन दिवस मुदत, वेळ झाली की बंद, वाढवून नाही. म्हणजे लिलाव संपला शनिवारी दुपारी अडीचला. सुरुवातीची बोली पाचशे. 'छान आहे', 'इंटरेस्टेड' असं लिहून जाणारे नऊ जण. बोली लावणारे दोन. घड्याळ साडेसहाशेला गेलं. मुदत संपल्यावर वीस मिनिटांनी एकाने लिहिलं, 'अरे, संपलं का? मी हजार दिले असते.'

नियम म्हणजे नियम. तिने घड्याळ कापसात गुंडाळून दुसऱ्या दिवशी पार्सल केलं. आईने विचारलं, "एवढ्यालाच गेलं का गं?" बस, एवढंच. साडेसहाशेचं दुःख नव्हतं. तो प्रश्न लागला.

दुसऱ्या घड्याळाला तिने महिनाभर हात लावला नाही. रोज रात्री ग्रुपवर जाऊन वहीत दोन आकडे लिहिले : आज किती लिलाव संपले, आणि शेवटच्या अर्ध्या तासात किती लोकांनी बोली लावली. बाजार समितीतल्या कारकुनासारखी आवक-नोंद! महिन्याच्या शेवटी चित्र स्पष्ट झालं. रविवारी रात्री माणसं भरपूर, पण त्याच तासात डझनभर एचएमटी संपत होती. गुरुवारी रात्री माणसं थोडी कमी, पण घड्याळं जेमतेम एक-दोन. तिने पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार धरला आणि रात्री पावणेदहाला लिलाव टाकला, म्हणजे गुरुवारी रात्री पावणेदहाला संपेल असा. या वेळी सहा जण भिडले, त्यातले दोघे शेवटपर्यंत हटेनात. घड्याळ चोवीसशेला गेलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्या वेळचे फोटोही चांगले होते. मागचं झाकण उघडून आतली यंत्रणा दाखवली होती. घड्याळही वेगळं होतं. त्यामुळे सगळं श्रेय गुरुवारला देता येणार नाही. पण पहिल्या वेळी उशिरा उगवलेला तो हजारवाला या वेळी वेळेवर हजर होता, हे नक्की.

आपलं खान्देशी टाइमटेबल

अमेरिकेचा रविवार आपल्याला जसाच्या तसा चालत नाही, याची आणखी कारणं आहेत. तुमचं गिऱ्हाईक जळगाव-धुळ्याचं तरुण पब्लिक असेल, तर त्यातलं निम्मं नोकरीसाठी पुण्यात. शनिवार-रविवार घरी आलेलं हे पब्लिक रविवारी रात्री काय करत असतं? आईने दिलेले कळण्याच्या पिठाचे आणि पापडांचे डबे बॅगेत कोंबत ट्रॅव्हल्सच्या स्टँडवर उभं असतं. गाडी सुटल्यावर अजिंठ्याच्या घाटात मोबाइलची रेंज येते-जाते. शेवटची पाच मिनिटं नेमकी घाटात सापडली तर तुमचा 'दुसरा' गेला की नाही?

पगाराचंही बघा. नोकरदाराच्या हातात पैसा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असतो. त्यातले हप्ते कापून जे उरतं, त्यातच हौस. पंचविशीनंतर हौसेच्या वस्तूला 'सेव्ह' मिळतं, बोली मिळत नाही. ज्याचं घर शेतीवर चालतं, त्याचा पगार वर्षात कधी येतो हे मात्र कापूस ठरवतो. दसरा-दिवाळीनंतर वेचणीचा कापूस विकला जाऊ लागतो, तेव्हा घरात पैसा खेळतो. जुनी मोटरसायकल किंवा फवारणीपंप खेड्यातल्या गिऱ्हाइकाला विकायचा असेल, तर पेरणीच्या जूनमध्ये भाव येणार नाही. तेव्हा सगळा पैसा बियाण्याच्या दुकानात गेलेला असतो.

सणांचं गणित तर मजेदारच. पितृपक्षात खरेदी टाळणारी घरं भरपूर, तेव्हा लिलाव न संपवलेला बरा. दिवाळीआधी सगळी घरं आवरायला निघतात. माळ्यावरून मिक्सर, टेप, सायकली, जुने फोन खाली येतात आणि सगळे एकाच आठवड्यात विक्रीला लागतात. गिऱ्हाईक मात्र तेव्हा नव्या वस्तूंच्या ऑफरमागे. जुन्या मालाची आवक सर्वाधिक आणि उठाव सगळ्यात कमी! तोच माल जून-जुलैत टाका. नव्या शैक्षणिक वर्षासाठी पोरं जळगावात खोल्या शोधत येतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि इंजिनीअरिंग कॉलेजांच्या परिसरात तेव्हा सायकल, टेबल फॅन, पुस्तकं, जुना लॅपटॉप यांना मागणी असते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे, झोके आणि पुरणपोळी यांत रात्री दहाला बोली लावायला कोण बसतं? तेव्हा सराफ बाजारात गर्दी असेल, तुमच्या लिलावात नाही.

अमेरिकेचा रविवार, आपला सोमवार

परदेशी गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांसाठी घड्याळाचा हिशेब वेगळा. आपली सोमवारची सकाळ साडेसहाची असते, तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रविवारची रात्र नऊ वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. म्हणजे दोन्ही किनारे जागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात म्हणूनच तीच वेळ आपल्याकडे सकाळी साडेसात होते. हा एक तास विसरला की महिनोन् महिने लिलाव चुकीच्या वेळी संपत राहतात.

आवकेचा नियम तिथेही लागू. अमेरिकेतली रविवारची रात्र ही तिथली चंपाषष्ठी. तुमची वस्तू अगदी सर्वसाधारण असेल, तर दिवस एखादा मागे-पुढे सरकवून बघा. वस्तू दुर्मिळ असेल, जोडीला दुसरं टोपलं नसेल, तर मात्र बिनधास्त गर्दीत शिरा.

एक धोक्याची सूचना. आजोबांच्या पेटीतली शंभर वर्षांपूर्वीची नाणी किंवा मूर्ती परदेशात विकायच्या भानगडीत पडू नका. पुरातन वस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शिवाय ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची करमाफी अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली, तेव्हा गिऱ्हाइकावर किती कर पडेल ते वस्तू टाकण्याआधी बघा. तो मनातल्या मनात कर वजा करूनच बोली लावतो.

जिथे वेळेला किंमत नाही

सगळ्याच लिलावांना हे लागू होत नाही. बँकांच्या ई-लिलावात बोली लावायची तर आधी अनामत रक्कम भरावी लागते. तारीख जाहीर नोटिशीने ठरते आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की पाच मिनिटं वाढतात. कुणी नवी बोली लावेनासं झालं की मगच बंद. असा लिलाव कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवला तरी बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक रजा टाकून बसलेलं असतं. तुमच्या ग्रुपच्या अॅडमिनला हाच नियम लावायला सांगून बघा : शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं शांतता, मगच हातोडा. विकणाऱ्याचं यात भलं होतं. आणि घाटात रेंज गेलेल्या त्या बिचाऱ्यालाही एक संधी मिळते.

टाकण्याआधी तपासा

• आधी संपायची वेळ ठरवा, मग तिथून उलटं मोजून टाकायची वेळ. साइटवर वेळ लावून ठेवायची सोय असेल तर ती वापरा.

• दोन आठवडे नुसते बघा. तुमच्यासारख्या वस्तू कधी संपतात आणि केवढ्याला जातात, ते लिहून काढा. वही-पेन पुरेसं आहे.

• पगाराचा आठवडा धरा. पितृपक्ष, आखाजी, दिवाळीची आवराआवर आणि क्रिकेटची फायनल टाळा.

• ऑफिसवाल्या गिऱ्हाइकासाठी जेवणानंतरची, झोपेआधीची वेळ बरी. रात्री साडेनऊ ते साडेदहा धरून सुरुवात करा आणि वहीतले आकडे सांगतील तसं सरकवा.

• एकाच प्रकारच्या चार वस्तू असतील तर एकाच रात्री संपवू नका. स्वतःच स्वतःची आवक वाढवण्यासारखा मूर्खपणा नाही.

• वस्तू गेली तर किती कमीला जाऊ शकते, हे आधी स्वतःला विचारा. तेवढ्याला द्यायची नसेल तर सुरुवातच त्याच्या वर करा. लिलाव म्हणजे शब्द असतो. दिला की पाळायचा.

• शेवटच्या अर्ध्या तासात स्वतः जागे राहा. 'काच ओरिजिनल आहे का?' असा प्रश्न पावणेदहाला येतो. उत्तर सकाळी देऊन काय उपयोग?

एवढं करूनही एखादी वस्तू स्वस्तात जाईल, एखादी उगाचच चढेल. बाजार आहे तो, आपल्या ताब्यात थोडाच असतो? आपल्या ताब्यात एकच गोष्ट असते, दार कधी बंद करायचं ती. माल तोच, फोटो तेच, वर्णन तेच असताना फुकटात बदलता येणारी तेवढीच गोष्ट आहे. तेव्हा या रविवारी दुपारी कपाट जरूर आवरा, फोटो काढा, वर्णन लिहा. फक्त ते बटण लगेच दाबू नका. आधी आवक बघा.